पत्रिकेवर नाव कुणाचं घालायचं?

मैत्रिणींनो, घरात लग्न निघालं की पहिलं भांडण कशावरून होतं, सांगा बरं? मानपानावरून? आहेरावरून? छे! ते सगळं नंतरचं. पहिलं भांडण होतं ते पत्रिकेवरून. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोण राहिलं आणि कोण रुसलं!

आमच्याकडे यंदा थोरल्या दादाच्या मुलीचं लग्न होतं. छापखान्यातून पत्रिकेचं प्रूफ आलं. शाळेत मराठी शिकवते म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम साहजिकच माझ्याकडे. ऱ्हस्व-दीर्घ बघत खाली आले आणि थबकले. आजोबांचं नाव होतं, कैलासवासी म्हणून. आजीचं नाव होतं, तेही ‘कै. सौ.’ लावून. ही आमची सख्खी आई, १९९५ साली गेलेली. आणि जी आजी जिवंत आहे, जिने या नवऱ्यामुलीला जन्मल्यापासून तेलपाण्यानं न्हाऊमाखू घातलं, तिचं नाव कुठेच नव्हतं! काका होते, काकू होत्या, आत्या म्हणून माझंही नाव होतं. ती मात्र नव्हती.

ती म्हणजे आमची सावत्र आई.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी नाहीतर सासरी अशी एक बाई असते. पूर्वी तर घरोघर असायची. बाळंतपणात बाई गेली की वर्षाच्या आत बिजवराला मुलगी मिळायची, आणि गरिबाघरची मुलगी दोन-तीन लेकरांची आई होऊनच उंबरठा ओलांडायची. पण सावत्र आईचा विषय निघाला की आपण लहान मुलांबद्दलच बोलतो. ध्रुवाला मांडीवरून उतरवणारी सुरुची, नाहीतर कैकेयी! मुलं मोठी झाल्यावर, त्यांना मिशा फुटल्यावर, सुना आल्यावर, वडीलही निघून गेल्यावर ही बाई त्यांची कोण लागते, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मला तो गेल्या तीन वर्षांत फार जवळून बघावा लागला, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर कुंडलचं. मला दिलीही गावातच, त्यामुळे माहेर चार गल्ल्यांवर. वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते. आई कावीळ होऊन गेली तेव्हा मी पहिलीत होते, मधला भाऊ अकरा वर्षांचा आणि दादा पंधराचा. वर्षभर दादानंच घर चालवलं. पहाटे उठून भाकरी थापायचा. पहिल्या पहिल्यांदा नकाशासारख्या व्हायच्या, पण थापायचा. माझी वेणी घालायचा. दहावीचं वर्ष त्याचं तसंच गेलं. १९९६ ला वडिलांनी लग्न केलं. ती अठ्ठावीस वर्षांची होती. पत्रिकेत कडक मंगळ, घरात पैसा नाही, म्हणून राहिलेली.

मी तिला आठ दिवसांत ‘आई’ म्हणायला लागले. मला काय, कुणीतरी कुशीत घ्यायला हवं होतं. मधल्यानं ‘मावशी’ धरलं, ते आजतागायत. आणि दादानं काहीच धरलं नाही. एकोणतीस वर्षांत त्यानं तिला एकदाही कशानंही हाक मारलेली मी ऐकली नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगायचा, ‘आज जेवायला नाही म्हणावं.’ लग्न झाल्यावर बायकोमार्फत, पुढे मुलीमार्फत. तो कधी वाईट बोलला नाही, औषधपाण्याला कमी पडू दिलं नाही. हाक मात्र नाही.

मला पुष्कळ वर्षं त्याचा राग यायचा. तो उतरला तो एका धड्यानं, म्हणजे धडा शिकवताना. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण मुलांना सांगत होते. आपल्या साताऱ्यातलं बालपण. १९०० साली नोव्हेंबरमध्ये ते साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, हे आपण सगळ्यांनाच सांगतो. पण त्याआधीच आई भीमाबाई गेलेली होती आणि मुलांचं सगळं बघायची ती आत्या, मीराबाई. पुढे वडिलांनी, सुभेदार रामजींनी, दुसरं लग्न केलं. चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने बघून त्या लहान भीमाला फार लागलं. इतकं, की आता आपण आपलं कमवायचं, वडिलांच्या जिवावर राहायचं नाही, असं त्यानं मनाशी घेतलं. मुंबईच्या गिरणीत जायचं, त्यासाठी गाडीभाडं पाहिजे, म्हणून आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी पळवली. निघाला त्यात अर्धा आणा! तिथून पुढे अभ्यासाकडे मन वळलं, ही गोष्ट तुम्हांला माहीत असेल.

फळ्यासमोर हे सांगता सांगता मला आमची बोरमाळ आठवली. आईची. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वडिलांनी ती कपाटातून काढून नव्या आईच्या हातात दिली होती. घाल म्हणाले. पुरुषाला यात काय वाटणार? सोनं आहे, घरात बाई आली आहे, ती घालणार. त्या रात्री दादा जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुणी त्याला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पण तिनं ओळखलं. आठ दिवसांच्या आत ती माळ तिच्या गळ्यातून गेली ती गेलीच. पुढे माझ्या लग्नात तीच माळ माझ्या गळ्यात आली आणि आईच्या पाटल्या दादाच्या बायकोच्या हातात गेल्या. तिच्या स्वतःच्या अंगावर वडील होते तोवर मणी-मंगळसूत्र आणि कुड्या, एवढंच.

आपण सावत्र आईला चांगली की वाईट, एवढंच विचारतो. त्या पंधरा वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल, त्याच्या हातून परात काढून घेतली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं की हाकलल्यासारखं, हे कोण विचारणार? मला आई मिळाली. दादाची मात्र घरातली जागा गेली. एकाच घरातली तीन मुलं एकाच बाईकडे तीन तऱ्हांनी बघतात, ते यामुळे. वय निराळं, आठवणी निराळ्या. सगळ्यांनी सारखंच ‘आई’ म्हणावं हा हट्ट वडिलांनी धरू नये, बाईनंही धरू नये. ‘मावशी’तही माया असते की!

पण हाकेचं जाऊ द्या. खरी परीक्षा वडील गेल्यावर असते. वडील असेपर्यंत ती ‘बाबांची बायको’ असते, काही न बोलता ताटावर तिची जागा असते. ते गेले की मोठी झालेली मुलं एकमेकांकडे बघतात: आता ही कोण?

वडील २०२२ साली गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मग वारसनोंदीचं निघालं. घर आणि दीड एकर ऊस, दोन्ही वडिलांनी स्वतः कमावलेलं. सात-बाराला चार नावं लागली: ती, दादा, मधला आणि मी. महिन्याभरात दादाचा निरोप आला. दोघींनी हक्कसोडपत्र करून द्यावं. सोसायटीचं कर्ज काढायला, कारखान्याला उसाची नोंद द्यायला दर वेळी चार सह्या कुठे गोळा करायच्या? वरवर बघता यात काही वावगं नव्हतं. बहिणीनं हक्क सोडायचा ही तर आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे. (ती का होऊन बसली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे!) आणि खरं सांगायचं तर मीच तिला म्हटलं, ‘आई, करून टाकू सही. दादा काय तुला उपाशी ठेवणार आहे का?’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘सही केल्यावर मी या घरात कोण म्हणून राहायचं, तेवढं सांग. मग करते.’

मला उत्तर आलं नाही. बी. ए. झालेली मी, वर्गात पन्नास मुलांना गप्प करणारी! पोटचं मूल नाही. माहेरी भाऊ आहे, त्याचं त्यालाच पुरत नाही. नवरा गेला. कागदावरचं नाव गेलं तर मग तिच्याकडे काय राहतं? आमची माया. आणि ती किती, याची खात्री तिनं कुणाच्या भरवशावर धरायची? माझ्या? मीच तर सही कर म्हणत होते!

मग आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकीला माहीत असावं म्हणून इथे देते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीत विधवेला मुलामुलींइतकाच एक वाटा मिळतो. ती पहिली की दुसरी, याने फरक पडत नाही. पहिली वारल्यावर रीतसर लग्न झालेलं असलं की झालं. आमच्याकडे चौघांना चार सारखे वाटे. (मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिशोब निराळा बसतो, तेव्हा आपापले कागद दाखवूनच विचारा.) आणि हा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा. हयातीपुरता नव्हे.

दुसरी गोष्ट तर मला अजिबात ठाऊक नव्हती. दादाच्या मनात खरी भीती होती ती ही, की उद्या हिचा वाटा हिच्या भावाच्या मुलांकडे गेला तर? वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, नवऱ्याकडून वारसाने आलेली मिळकत असेल, बाईला पोटचं मूल नसेल आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ती नवऱ्याच्याच वारसांकडे परत येते. म्हणजे तुमच्या भावांकडे आणि तुमच्याकडेच. तिच्या माहेरून आलेली असेल तेवढीच माहेरी जाते. हां, तिनं स्वतः विकली किंवा कुणाच्या नावे लिहून दिली तर गोष्ट निराळी, तो तिचा हक्कच आहे.

मग मी विचारलं, तिची स्वतःची कमाई असती तर? त्यावर ऐकलेलं मला अजून पचलेलं नाही. कायद्याच्या भाषेत सावत्र मुलगा हा बाईचा ‘मुलगा’ नव्हे. तो येतो नवऱ्याचा वारस म्हणून, मागच्या दारानं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तसं स्पष्टच केलं आहे. पण सांभाळायची वेळ आली की तोच कायदा उलट बोलतो! १९५६ च्याच दत्तक व पोटगीच्या कायद्यात, आईबापांना सांभाळायच्या कलमात निपुत्रिक सावत्र आई मुद्दाम घातली आहे. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर ‘आईवडील’ या शब्दातच सावत्र आई आणि सावत्र वडीलही मोजले आहेत. मुलांनी वाऱ्यावर सोडलं तर त्यांच्याविरुद्ध प्रांताच्या अधिकाऱ्यांपुढे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. म्हणजे वारसा सांगताना ती परकी, पोसून घेताना आई. मला तरी यातला दुसरा अर्धा भाग जास्त शहाणपणाचा वाटतो.

सावत्र वडिलांची गोष्ट इथे सहज निघाली म्हणून सांगते. हल्ली तरुणपणी विधवा झालेल्या, घटस्फोट घेतलेल्या बायका पुन्हा लग्न करतात, मुलांना घेऊन करतात, आणि छान करतात. त्या मुलांचं मोठेपण अजून यायचं आहे. त्यांना आमच्यापेक्षा बरं जमेल अशी आशा आहे.

मी दादाला सगळं समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘म्हणजे सही करत नाही ती.’ मी म्हटलं, ‘ती करत नाही आणि मीही करत नाही.’ ती एकटी पडू नये म्हणून तोंडातून निघून गेलं. झालं! आठ महिने दादा माझ्याशी बोलला नाही. राखीपौर्णिमेला ताट घेऊन गेले, तर तो उसाला पाणी पाजायला गेलेला. मधला, बिचारा, दोन्हीकडे चहा पीत राहिला.

त्या दिवसांत रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं होतं. १९१० साली आलेलं. न्यायमूर्ती रानड्यांचीही आई ते लहान असतानाच गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं, हे वाचताना पूर्वी कधी माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. वडील १८७७ साली गेले. मागे सावत्र आई, तिची मुलं. आणि न्यायमूर्तींनी तो सगळा भार आपला मानला. घर भरलेलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना रमाबाईंचं शिकणं डोळ्यांत खुपायचं, बोलणी रोजची. एवढा मोठा न्यायाधीश, पण म्हणून त्यानं वडिलांमागे वडिलांची माणसं दाराबाहेर काढली नाहीत. रमाबाईंना किती सोसावं लागलं ते आपण सगळ्या वाचतो आणि हळहळतो. त्या सावत्र सासूबाईंच्या बाजूनं कुणीच काही लिहिलं नाही. नवरा गेल्यावर सवतीच्या मुलाच्या घरात राहताना त्यांना रात्री झोप लागत असेल का, असं मला या खेपेला पहिल्यांदा वाटलं.

एक गोष्ट मात्र मी इथे ठणकावून सांगणार आहे, आणि ती पुरुषांसाठी आहे. लेख उघडा ठेवून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवा. दुसरेपणाचं लग्न केलेल्या माणसानं आपल्या हयातीत कागद करून ठेवावेत. पहिलीचे दागिने कुणाचे ते सगळ्यांसमोर सांगावं. घरात दुसरीनं शेवटपर्यंत राहायचं हे मृत्युपत्रात लिहावं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. आमचे वडील फार चांगले होते हो! पण ‘माझ्यामागं तुम्ही बघून घ्याल’ एवढंच म्हणून गेले. त्या एका वाक्यापायी आम्ही भावंडं आठ महिने अबोला धरून बसलो.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते कशानं म्हणाल, तर दादाचा पाय मोडला. गाडीवरून घसरला. वहिनी आणि भाची दवाखान्याच्या धावपळीत, आणि घरी आल्यावर दीड महिना त्याला ऊन पाणी, पेज, उठवणं-बसवणं हिनं केलं. तो तिच्याकडून सगळं करून घ्यायचा, मान भिंतीकडे करून! मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, ‘सोसायटीत चार सह्या चालतात म्हणे. मी विचारलं.’ एवढंच. सात-बारा आजही चार नावांचा आहे.

म्हणूनच पत्रिकेचं प्रूफ बघून मी थबकले. वाटलं, सह्यांचा राग इथे निघाला. फोन न करता सरळ घरी गेले. दादा म्हणाला, मुद्दाम नाही. छापखान्यातल्या मुलाला जुन्या पत्रिकेवरून करायला सांगितलं होतं. खरं असेल. खोटंही असेल. मी काही बोलायच्या आत भाची आली, माझ्या हातातून लाल पेन घेतलं आणि स्वतःच तिचं नाव लिहिलं. ‘श्रीमती’ लावून, आजोबांच्या नावाला लागून, आणि आजीचं ‘कै. सौ.’ खाली सरकवलं.

ती चुलीपाशी होती. काय चाललंय ते भाचीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, ‘तिचं नाव वर घे. ती आधी आली.’

तसंच छापलं. आता पुढचं भांडण हळदीचं होतं. विधवा बाईनं नवरीला हळद लावायची नाही, असं वहिनीच्या माहेरच्या बायका म्हणायला लागल्या. २०२२ च्या मे महिन्यात पलीकडे शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनंही तो उचलून धरला. पण ठराव ग्रामपंचायतीत राहतो आणि हळदीची वाटी बायकांच्या हातात! मी भांडायला पदर खोचलाच होता. तेवढ्यात दादा मांडवातून आत आला. पाय अजून थोडा ओढतो. वाटी उचलली, तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, ‘घ्या, लावा. उशीर होतोय.’

हाक नाहीच मारली. पण भिंतीकडेही बघत नव्हता.